नारायण मेघाजी लोखंडे : गिरणी कामगारांचे प्रतिनिधी

रविवारची सुट्टी मुलांना फार आवडते. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती कोणी मिळवून दिली, हे त्यांना सांगितलंय का कधी?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. पुढे ते मुंबईत एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, हक्काची सुट्टी नाही, पगारही वेळेवर नाही. एकट्याने तक्रार करायची, तर नोकरीच जायची भीती!

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधू’चे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जखमी झाल्यास मदत, अशा मागण्या लिहून काढल्या. त्या निवेदनावर पाच हजारांहून जास्त कामगारांनी सह्या केल्या. आता तक्रार एकट्याची राहिली नव्हती. याच काळात ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली.

यश लगेच आलं नाही. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचं निधन झालं.

वर्गात मॉनिटर निवडताना ही गोष्ट जरूर सांगा. आधी सगळ्यांचं ऐकायचं, ते नीट मांडायचं आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा. प्रतिनिधीचं काम हेच तर असतं!