एरिक वालर
एरिक वालर (इ.स. १९०३ – इ.स. १९९७) हे नॉर्वेजियन विकृतिशास्त्रज्ञ व बर्गन विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्रतिपिंडांचा लेप असलेल्या मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णाच्या रक्तरसात मिसळल्यास त्यांचे पुंजके होतात, हे निरीक्षण त्यांनी इ.स. १९४० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीने नॉर्वेवर ताबा मिळवला आणि हे संशोधन मागे पडले. इ.स. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ व सहकाऱ्यांना तोच परिणाम आढळला. चाचणीला वालर-रोझ असे जोडनाव मिळाले, तरी अग्रमान वालर यांचाच. पुंजके घडवणारा हा संधिवाताभ घटक म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्धचा प्रतिपिंड असून सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातील प्लाझ्मा पेशीही तो तयार करतात, हे पुढे सिद्ध झाले.