डॉ. वसंत रामजी खानोलकर : कर्करोगाचे कारण सवयीत शोधणारे डॉक्टर

कर्करोगाचे निदान झाले की घरातले पहिला प्रश्न विचारतात, "हा आमच्याच माणसाला का झाला?" आपल्या मुंबईत या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याची सुरुवात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे, गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून ते विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, एम.डी. झाले. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

त्यांनी काय शोधले?

कर्करोग भारतात फारसा होतच नाही, असा त्या काळी समज होता. खानोलकरांनी गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच. शिवाय रुग्ण कुठला, काय खातो, तंबाखू कशी घेतो, हेही नोंदवले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी त्यांनी सवयींशी जोडलेले तीन प्रकार मांडले. आंध्रात चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा कर्करोग होई. खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांना त्याच जागी होई. धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसणाऱ्यांना कमरेच्या त्वचेचा होई. जिथे रोजचा त्रास, तिथेच रोग. म्हणजे हे नशीब नव्हे. सवय बदलली तर धोका कमी होतो.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. कुष्ठरोगावरही त्यांनी मोठे काम केले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना पद्मभूषणही मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आपण काय करावे?

कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत पहाटे धक्क्यावर जाण्याआधी कोणी तंबाखूची चिमूट धरतो, कोणी मशेरी लावते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात मजबूत होत नाहीत.

तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाहीच. लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत, विशेषतः फोटोत, पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्या. तो डोळ्याचा कर्करोग असू शकतो.

डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले तर संकोच न करता खरे सांगा. किती वर्षे, दिवसातून किती वेळा, गालाच्या कोणत्या बाजूला, एवढे कळले तरी नेमकी कोणती जागा नीट तपासायची ते ठरते.