कवी विल्यम कूपर आणि मेरीबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा प्रथम पंडिता रमाबाईंचे नाव मनात आले. परंतु रमाबाईंविषयी आपणा सर्वांना पुष्कळ माहिती आहे. आणि खरे सांगायचे तर गेली दोन वर्षे माझ्या मनात दुसरीच एक व्यक्ती घर करून बसली आहे. ती म्हणजे इंग्रज कवी विल्यम कूपर. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात जॉन गिल्पिनची गोष्ट ज्यांनी वाचली असेल त्यांना हे नाव आठवेल. (इंग्रजी अक्षरांवरून काउपर असे वाचले जाते, पण उच्चार कूपर असाच.) घोडा आवरेनासा झालेल्या त्या गिल्पिनच्या फजितीला आम्ही मुली पोट धरून हसत असू. ती लिहिणारा मनुष्य स्वतः किती दुःखी होता हे आम्हांला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी काय घडले ते आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. ह्यांच्या जाण्यानंतर चार महिन्यांनी, सांत्वनाला येणाऱ्यांची वर्दळ थांबल्यावर, मला झोप येईनाशी झाली. पहाटे तीनला जाग येई आणि छातीत धडधड सुरू होई. चहाचे आधण ठेवायचे म्हटले तरी हात उचलत नसे. मी लहानपणापासून प्रार्थना करीत आलेली बाई, पण तोंडातून एक शब्द फुटेना. अशा वेळी ओळखीच्या एका बाईंनी, भल्या मनानेच, मला समजावले की प्रभूवर खरा विश्वास असेल तर उदासी येतच नाही, विश्वास वाढवावा. आधीच बुडत असलेल्याच्या गळ्यात धोंडा बांधावा तसे मला झाले. शेवटी मुलीने मला डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या, आणि हळूहळू वाचण्याइतके मन थाऱ्यावर आले. मामंजींच्या ट्रंकेत कूपरचे एक जुने चरित्र निघाले, ते मी वाचायला घेतले.

कूपर १७३१ साली इंग्लंडातील बर्कहॅम्स्टेड गावी एका पाळकाच्या घरी जन्मले. सहा वर्षांचे होण्याच्या आतच आई गेली. लगेच त्यांना निवासी शाळेत घातले, तेथे एका मोठ्या मुलाने त्यांचा अतोनात छळ केला. आईचा आठव त्यांना आयुष्यभर पुरला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी तिची तसबीर पाठविली, तेव्हा त्यांनी त्या तसबिरीवर कविता लिहिली. पुढे लंडनात कायद्याचा अभ्यास चालू असता विशीतच उदासीचा पहिला झटका आला. थिओडोरा नावाच्या चुलत बहिणीवर प्रेम बसले होते, तिच्या वडिलांनी लग्नास नकार दिला. तिने जन्मभर लग्न केले नाही, आणि पुढे कितीतरी वर्षांनी आपले नाव न कळविता ती त्यांना भेटी पाठवीत राहिली. तिच्याविषयी ह्याहून अधिक लिहिले गेलेले नाही, ह्याची मला हळहळ वाटते.

१७६३ साली त्यांना उमरावांच्या सभेत कारकुनीची चांगली जागा मिळत होती. त्यासाठी सभेपुढे उभे राहून परीक्षा द्यायची होती. एवढ्या एका गोष्टीची धास्ती त्यांनी अशी घेतली, की परीक्षेचा दिवस जवळ येताच त्यांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, तोही एकदा नव्हे. आपल्याला हे विचित्र वाटेल. मला वाटले नाही. दारावरची घंटा वाजली तरी मोरीत जाऊन दडावे असे मला काही महिने वाटत होते.

भावाने त्यांना सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन ह्यांच्या घरवजा इस्पितळात ठेवले. त्या काळी लंडनच्या मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना साखळ्या घालीत, आणि लोक पैसे देऊन त्यांना पाहायला जात. कॉटन हे मात्र दयाळू आणि श्रद्धाळू वैद्य. तेथेच १७६४ च्या उन्हाळ्यात, रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचीत असता, कूपर ह्यांना आपली क्षमा झाली अशी खात्री पटली आणि मनावरचे मळभ गेले. धार्मिक पुस्तकांतून सांगितली जाणारी कथा बहुधा येथेच संपते. त्यांची मात्र येथे संपली नाही.

बरे झाल्यावर ते हंटिंग्डन गावी अन्विन नावाच्या पाळकाच्या कुटुंबात राहू लागले. १७६७ साली घोड्यावरून पडून ते पाळक वारले. त्यांची पत्नी मेरीबाई कूपर ह्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. बाई, तिची मुलगी आणि कूपर ओल्नी ह्या खेड्यात गेले, कारण तेथे जॉन न्यूटन हे पाळक होते. न्यूटन म्हणजे पूर्वी गुलामांच्या जहाजावरचे कप्तान आणि पुढे अमेझिंग ग्रेस ह्या गीताचे कर्ते. दोघांनी मिळून गावातल्या गरीब लोकांच्या प्रार्थनासभांसाठी गीते रचली. १७७९ साली तो संग्रह छापला, त्यातली साठांहून अधिक गीते कूपर ह्यांची आहेत.

परंतु संग्रह छापून होण्याच्या सहा वर्षे आधीच घात झाला होता. जानेवारी १७७३ मध्ये दुखणे उलटले. मेरीबाईंशी विवाह ठरला होता, तो राहूनच गेला. फेब्रुवारीत त्यांना एक स्वप्न पडले आणि त्यात आपला कायमचा नाश झाला असे देवाकडून सांगण्यात आले, अशी त्यांची समजूत झाली. ह्यानंतर ते सत्तावीस वर्षे जगले, पण पुन्हा उपासनेस गेले नाहीत. देव आहे, तो दयाळू आहे, तो सर्वांना तारील, ह्याविषयी त्यांना शंका नव्हती. फक्त एक विल्यम कूपर त्यातून वगळलेला आहे, एवढीच त्यांची खात्री होती. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसले. अगदी हेच मला वाटत होते आणि मला ते सांगता येत नव्हते.

ह्या दुखण्यात सगळे आपला द्वेष करतात, त्यातही मेरीबाई सर्वांत अधिक, आणि जेवणात विष आहे, असे त्यांना वाटे. तरीही दुसऱ्या कोणाच्या हातचे ते काही करून घेत नसत. मेरीबाईंनी त्यांची सेवा केली. न्यूटन ह्यांनीही त्या दोघांना एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. पुष्कळ लेखक न्यूटन ह्यांच्या कडक शिकवणुकीला ह्या वेडाचा दोष देतात. मला ते पूर्ण पटत नाही. आजार न्यूटन भेटण्यापूर्वीचा, विशीतला. मधली आठ वर्षे बरी गेली ती श्रद्धेच्याच आधाराने. परंतु मनाच्या भीतीला नरकाच्या शिकवणुकीने आयते रूप दिले, हे मात्र नाकारता येत नाही. दुसऱ्या घरात ती भीती दुसऱ्या रूपाने आली असती.

१७७४ साली शेजाऱ्यांनी त्यांना एक सशाचे पिल्लू आणून दिले. मग दोन आणखी आली. पस, टायनी आणि बेस अशी त्यांची नावे, आणि तिन्ही नर! कूपर ह्यांनी स्वतः सुतारकाम करून त्यांना घरे बांधली. पस जवळजवळ बारा वर्षे जगला. त्यांनी बाग केली, काकड्या लावल्या, झाडांसाठी काचेचे घर उभारले. कोणी ह्याला रिकामटेकड्याचे उद्योग म्हणेल. परंतु ज्याला सकाळपासून दुपार गाठणे कठीण जाते त्याला सशाला पाला घालणे हे केवढे काम असते! मला माझ्या मुलीने कुंडीत पुदिना लावून दिला होता आणि रोज पाणी घालायचे असे बजावले होते.

१७८० च्या हिवाळ्यात मेरीबाईंनी त्यांना काही मोठे लिहा असा आग्रह धरला आणि विषयही सुचविला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. १७८२ साली पहिला कवितासंग्रह निघाला. लेडी ऑस्टेन नावाच्या मैत्रिणीने एका उदास संध्याकाळी गिल्पिनची गोष्ट सांगितली, त्यावरून ती विनोदी कविता झाली. तिनेच बसायच्या सोफ्यावर कविता करा असे गमतीने सांगितले, त्यातून द टास्क हे सहा सर्गांचे काव्य १७८५ साली बाहेर आले. कादंबरीकार जेन ऑस्टेन हिला कूपर फार आवडत. १७८८ साली त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिल्या आणि १७९१ साली होमरचे भाषांतर पुरे केले. मध्ये १७८७ साली पुन्हा झटका येऊन जिवावर बेतले होते. मेरीबाई वेळेवर पोचल्या म्हणून ते वाचले. (येथे एक गोष्ट लिहून ठेवते. आपल्या घरी अशी वेळ आली तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो, आणि तेथे मराठीतही बोलतात. मला तो माझ्या डॉक्टरांनी दिला.)

१७९१ आणि १७९२ साली मेरीबाईंना अर्धांगाचे झटके आले. त्यांच्या विणकामाच्या सुया पडून राहिल्या. आता सेवा करण्याची पाळी कूपर ह्यांची. चिडचिड्या आणि हट्टी झालेल्या त्या म्हातारीला त्यांनी हात धरून चालविले. १७९४ साली सरकारने त्यांना वर्षाला तीनशे पौंडांचे वेतन दिले, पण तोपर्यंत ते इतके खचले होते की त्याचा आनंद त्यांना झाला नाही. एका नातलग तरुणाने दोघांनाही नॉरफोक परगण्यात नेले. डिसेंबर १७९६ मध्ये मेरीबाई वारल्या. कूपर ह्यांना कळू नये म्हणून रात्री मशालींच्या उजेडात त्यांचा दफनविधी केला. त्यांनी एकदाच आक्रोश केला, आणि पुन्हा तिचे नाव उच्चारले नाही. १७९९ साली, भर समुद्रात जहाजावरून पडलेल्या एका खलाशावर त्यांनी शेवटची मोठी इंग्रजी कविता लिहिली. २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डेरेहम येथे ते निवर्तले.

मरतेसमयीही त्यांची समजूत पालटली नव्हती. पण त्यांच्या चेहऱ्यावर, प्राण गेल्यानंतर, शांतता आणि एक प्रकारचे आश्चर्य दिसले, असे त्या नातलगाने लिहून ठेवले आहे. शोकाकुल मनुष्याला असे दिसू शकते, हे मी जाणते. तरीही ते पान मी दुमडून ठेवले आहे. गेल्या नाताळात मी पुन्हा चर्चमध्ये गेले. गाणी म्हटली नाहीत, मागच्या बाकावर नुसती बसले. मुलगी शेजारी होती, तिने गीतपुस्तक उघडून आम्हा दोघींच्या मध्ये धरले होते.