रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

दिघीहून भोसरीच्या कारखान्यांत जाणारा कामगार आठवड्याची सुटी हक्कानें घेतो. ती रविवारीं असो वा गुरुवारीं, मिळविली कोणीं हें त्यास सहसा ठाऊक नसतें.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. रेल्वे, टपालखातें व पुढें मांडवीच्या गिरणींत कोठारावर त्यांनीं नोकरी केली. त्या काळीं गिरणींत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले व सुटीचा नेम नसे. जोतीराव फुल्यांचा हा अनुयायी १८८० पासून मुंबईंत 'दीनबंधु' चालवूं लागला. १८८४ मध्यें ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज त्यानें सरकारी कमिशनपुढें ठेविला.

मँचेस्टरचे गिरणीवाले येथें कारखान्यांचा कायदा मागत, तो दयेपोटीं नव्हे. मुंबईचा माल त्यांस सलत होता. एवढ्यावरून आमच्या पुष्कळ देशाभिमानी पत्रांनीं कायद्यासच विरोध केला. देशाभिमान आम्हांसही आहे. पण धंदा स्वदेशी म्हणून त्यांतील जुलूमही स्वदेशी मानावयाचा काय? व्यापारी वाचकांनीं रागावूं नये. त्या भांडणांत मजुराकडे पाहणारे लोखंडे जवळजवळ एकटेच होते.

२४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारें १०,००० मजूर जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून रोजीं मालकांच्या मंडळीनें रविवारची सुटी मान्य केली.

प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें त्यांस गांठलें. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं ते वारले.