जिनीव्हाचे चित्रकथाकार मास्तर

पाठ्यपुस्तकाच्या आड दडवलेली चित्रकथा सापडली की शिक्षक ती जप्त करतात आणि पालक कपाळाला हात लावतात. परंतु आधुनिक चित्रकथेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते रोडोल्फ टोप्फर स्वतःच शाळामास्तर होते, ही गोष्ट यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ३१ जानेवारी १७९९ रोजी जिनीव्हात जन्मलेले हे गृहस्थ पोटापाण्यासाठी शिकवीत आणि रात्री वहीत वेडीवाकडी माणसे काढीत.

वास्तविक त्यांना व्हायचे होते चित्रकार. वडील वोल्फगांग-आदाम टोप्फर हे नामांकित चित्रकार. मुलगाही त्याच वाटेने जाणार हे जणू ठरलेलेच होते. पण ऐन तारुण्यात डोळ्यांच्या विकाराने गाठले आणि रंग-कुंचल्याचा नाद सोडावा लागला. १८१९-२० मध्ये पॅरिसला राहून ते परतले ते शिक्षकी पेशा पत्करूनच. १८२३ मध्ये विवाह झाला, लौकरच त्यांनी मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि १८३२ मध्ये जिनीव्हाच्या अकादमीत ते साहित्याचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना घेऊन आल्प्स पर्वतात पायी भटकणे हा त्यांचा नित्याचा परिपाठ. त्या भटकंतीची त्यांची सचित्र वर्णने आजही वाचनीय वाटतात.

रंग गेले, रेषा मात्र उरली. आणि ही रेषा विलक्षण चपळ होती. १८२७ मध्ये त्यांनी श्रीयुत व्ह्यू-ब्वा यांची कथा रेखाटली. हे प्रेमवेडे गृहस्थ वारंवार आत्महत्या करू पाहतात आणि दरवेळी फसतात. एकदा तर गळफास घेतलेला असतानाच रस्त्यावरून प्रियेचा आवाज कानी येतो. मग गळ्यातल्या दोरीसकट ती तुळईच मागे फरफटत ते धावत सुटतात! प्रत्येक चौकटीखाली टोप्फर यांच्याच हस्ताक्षरात गंभीर चेहऱ्याने लिहिलेले एखादे वाक्य असते. चित्रावाचून तो मजकूर निरर्थक आणि मजकुरावाचून चित्र दुर्बोध, असे त्यांनी स्वतःच आपल्या एका पुस्तकाविषयी लिहिताना सांगून ठेवले आहे. दोहोंच्या या परस्परावलंबनातच या कलेचे मर्म आहे, आणि ते त्यांना प्रारंभीच उमगले होते.

मग ही वही दहा वर्षे अप्रकाशित का राहिली? प्रतिष्ठेची धास्ती, दुसरे काय! प्राध्यापकाने असले पोरखेळ छापावेत काय, हा प्रश्न त्यांना छळीत असावा. धीर दिला तो महाकवी गटे यांनी. वायमारच्या दरबारी असलेल्या सोरे नावाच्या जिनीव्हाकराने १८३०-३१ च्या हिवाळ्यात या वह्या त्यांना दाखविल्या. व्यंगचित्रांविषयी एरवी फारसे प्रेम नसलेले ते ऐंशी ओलांडलेले कवी प्रसन्न झाले. कल्पनांचे अजीर्ण होऊ नये म्हणून ते एका वेळी थोडीच पाने पाहत. याहून कमी उथळ विषय घेतल्यास हा मनुष्य काय करून दाखवील याची कल्पनाच करवत नाही, अशा अर्थाचे त्यांचे मत होते. (विषय उथळ होता, हे मात्र आम्हांस मान्य नाही.)

पुढे ‘श्रीयुत झाबो’ हे पुस्तक १८३५ मध्ये लोकांपुढे आले आणि १८३७ मध्ये व्ह्यू-ब्वा. आपल्याकडील जुन्या पोथ्या ज्या शिळाप्रेसवर निघत, त्याच जातीचे हे छापकाम. एरवी दगडावर अक्षरे उलटी काढावी लागत. टोप्फर मात्र तयार केलेल्या खास कागदावर टाकाने सुलटेच लिहीत आणि मग तो कागद दगडावर उमटवीत. त्यामुळे हाताची थरथरसुद्धा छापात उतरे. १८३७ मध्येच आलेल्या ‘श्रीयुत क्रेपँ’मध्ये अकरा मुलांचा बाप एकामागून एक शिक्षक नेमतो आणि प्रत्येकाची नवी शिक्षणपद्धती घराचा विचका करते. एकजण तर डोक्याची टेंगळे चाचपून बुद्धी मोजणारा! शिक्षकाने शिक्षणतज्ज्ञांची केलेली एवढी झकास थट्टा विरळाच. प्रत्येक नव्या परिपत्रकानंतर शिक्षकांच्या खोलीत हे पुस्तक एकदा काढून बघावे.

कीर्तीबरोबर चोरीही आली. १८३९ मध्ये पॅरिसच्या ओबेर या प्रकाशनगृहाने त्यांची पुस्तके परस्पर नक्कल करून छापली. १८४१ मध्ये लंडनला व्ह्यू-ब्वाची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि १८४२ च्या सप्टेंबरात तीच न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकाच्या पुरवणीत अवतरली. अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पहिले चित्रकथेचे पुस्तक म्हणून तिचा उल्लेख होतो.

अखेरची वर्षे आजारपणाची. तशातही १८४५ मध्ये त्यांनी मुखचर्येवर एक निबंध लिहिला. कितीही ओबडधोबड चेहरा काढा, त्याला काही ना काही भाव असतोच; तेव्हा चित्रकला न शिकलेल्यानेही खुशाल काढून पाहावे, असे त्यात प्रतिपादन आहे. त्याच वर्षीचे ‘आल्बेर’ मात्र कडवट झाले आहे. राजकारणात टोप्फर सनातनी. शहरातील जहाल पुढारी झाम्स फाझी यांच्यावर त्यांनी या पुस्तकात उघड राग काढला आणि त्या रागात त्यांची हसरी रेषा आखडली. ८ जून १८४६ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. चारच महिन्यांनी जिनीव्हात क्रांती झाली आणि फाझी सत्तेवर आले.