मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आता इतका रुळला आहे, की त्यातल्या अंगणाकडे आपले लक्षही जात नाही. हे अंगण शाळेचे नव्हे, मुलांच्या घरापुढचे. ते शिक्षणात आणले पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी. धडा पुढे रेटण्याआधी समोरच्या मुलाला आज काय जमते आणि पुढे काय जमायला हवे, हे पाहणे त्यांना महत्त्वाचे वाटे. त्यासाठी पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मुंबईतली बसलेली घडी मोडली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालेला संसार फार काळ टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या, तेव्हा पदरात लहान मुलगी होती. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्रमुखपदाची चांगली नोकरी मिळाली. पण १९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या.

तिथे मॉन्टेसरी पद्धतीचे प्रयोग चालू होते. मुलाने आपल्या कलाने साधन निवडावे, पुन्हा पुन्हा हाताळावे आणि शिक्षकाने मध्ये न पडता निरीक्षण करावे, अशी ती रीत. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. पांढरपेशा घरांतली मुले तिथे येऊ लागली आणि काम नावारूपाला आले. पण खेड्यातल्या गरीब मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. आईबाप कामावर जात आणि थोरले भावंड धाकट्याला सांभाळत बसे. अशा वेळी पालकांना दोष देऊन मोकळे होता आले असते. ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात मुले गोळा करून अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी आणि गोष्टी. अक्षरांना घाई नव्हती. मूल स्वच्छ राहू लागले, चारचौघांत बसू लागले, बोलू लागले, की पहिला टप्पा गाठला. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती यांनी घेतली. मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे ठरवणे हे सगळे त्यांवर शिकता येत होते.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांची अडचण आणखी वेगळी. कोणी गुरे राखायला जाई, कोणाच्या कडेवर तान्हे भावंड असे. म्हणून तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी विकासवाडी उभी राहिली. धाकटे पाळण्यात निजले, की थोरली बहीण पाटी घ्यायला मोकळी होई. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत तिथेच शिक्षक जात.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोचली. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे अनेक वर्षे सांभाळले.

पालकसभेत आपण हमखास विचारतो, पोर्शन कुठवर आला? पण पोर्शन संपतो तो शिक्षकाचा. आपल्या मुलाला गेल्या महिन्यात न येणारे काय आता येऊ लागले, आणि वर्गात मागे बसलेल्या मुलाचे काय अडले आहे, हे विचारणारे पालक थोडेच असतात. पुढच्या सभेला जाताना तेवढे दोन प्रश्न बरोबर नेले, तरी ताराबाईंचे अंगण आपल्या वर्गापर्यंत येईल.