सत्कार्याचा हिशेब मागणारी बाई

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच शालेय पुस्तकातले एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. रात्रीची वेळ, खाटांच्या लांबच लांब रांगा आणि हाती दिवा घेऊन जखमी शिपायांची विचारपूस करीत फिरणारी एक करुणामूर्ती. हे चित्र खोटे नाही. परंतु ते फार अपुरे आहे. बाईंना नव्वद वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभले. त्यांपैकी प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या कामात गेली ती वर्षे जेमतेम तीन. उरलेली सारी हयात त्यांनी तक्ते, अहवाल आणि प्रश्नावल्या यांच्या सान्निध्यात घालविली. ज्या कामाला जग सेवा म्हणून हात जोडते, त्या कामाने ज्यांची सेवा केली त्यांचे नेमके काय झाले, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर इतरांना विचारला, आणि विशेष म्हणजे तो स्वतःलाही विचारला.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात एका धनिक इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. वडिलांनी घरीच भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. गणिताची ओढ मात्र त्यांची स्वतःची. रुग्णसेवा हे त्या काळी कुलीन स्त्रीला न शोभणारे काम समजले जाई. घरच्यांच्या विरोधाला तोंड देत त्यांनी जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली. पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियन युद्धात उतरले. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या, तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांसह त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या.

दिव्याखालचा अंधार

तेथे त्यांनी काय केले ते सर्वश्रुत आहे. स्वयंपाकघर सुधारले, कपडे धुण्याची सोय केली, लष्करी कचेऱ्यांशी भांडून औषधे व पांघरुणे मिळविली. त्यांच्या कष्टांना सीमा नव्हती. आणि तरीही त्या तेथे आल्यानंतरच्या हिवाळ्यात रुग्णालयातील मृत्यू घटले नाहीत. ते वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर पोहोचले. मार्चमध्ये लंडनहून सरकारने पाठविलेले आरोग्य मंडळ आले. या मंडळावरील माणसे त्या रुग्णालयाच्या चाकरीतली नव्हती. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था दुरुस्त केली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

या आकड्यांचा अर्थ युद्ध चालू असताना बाईंच्याही पुरता ध्यानात आला नव्हता. सैनिक आघाडीवरूनच उपाशी व अर्धमेले होऊन येतात, म्हणून ते दगावतात, असा त्यांचाही समज होता. १८५६ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या तेव्हा त्यांची कीर्ती शिगेला पोहोचली होती. कोणीही त्यांच्याकडे हिशेब मागितला नसता. त्यांनी तो आपण होऊन काढला. या कामी त्यांनी विल्यम फार यांचे साहाय्य घेतले. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतील हे निष्णात सांख्यिक लष्कराशी कोणत्याही नात्याने बांधलेले नव्हते. रुग्णालयांचे महिनेवार आकडे एकमेकांशेजारी मांडल्यावर जे दिसले ते कठोर होते. युद्धात लढाईत व जखमांनी मेलेले ब्रिटिश सैनिक पाच हजारांच्या आत होते, तर रोगांनी मेलेले सोळा हजारांहून अधिक. आणि यांतील फार मोठा भाग टाळता येण्याजोगा होता. शिपाई केवळ आघाडीवरून मरणपंथाला लागून येत नव्हता. तो रुग्णालयात येऊन मरत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो येथे अक्षरशः होता, आणि तो मोजण्याचे धैर्य दिवा धरणाऱ्या व्यक्तीनेच दाखविले.

हे निष्कर्ष त्यांनी दडवून ठेवले नाहीत. १८५७ च्या राजकीय चौकशी आयोगापुढे त्यांनी ते मांडले. मंत्री व सेनाधिकारी लांबलचक तक्ते वाचणार नाहीत हे ओळखून, त्यांनी महिन्यागणिक मृत्यू दाखविणाऱ्या रंगीत वर्तुळाकार आकृत्या तयार केल्या. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

मापाची चूक आणि मापाचा न्याय

रुग्णालयांची तुलना करावयाची तर सर्वांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवल्या पाहिजेत, हे त्यांच्या ध्यानी आले. एक रुग्णालय एका रोगाला एक नाव देते, दुसरे दुसरे. एखादे रुग्णालय मरणोन्मुख रोग्याला घरी धाडून आपला मृत्युदर कमी दाखविते. १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी समान नोंदपत्रकाची योजना ठेवली. परंतु मापनाच्या मोहात त्या स्वतःही एकदा फसल्या. १८६३ च्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात त्यांनी फार यांचा एक तक्ता छापला. त्यात लंडनमधील २४ रुग्णालयांचा मृत्युदर शेकडा ९० हून अधिक दाखविला होता. वर्षभरातील मृत्यूंना एका विशिष्ट दिवशी हजर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागल्याचा तो परिणाम होता. खाटेवर वर्षभरात अनेक रोगी येऊन जातात ही साधी गोष्ट त्या भागाकारात हरवली. डॉक्टरांनी टीकेची झोड उठविली, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. मूल्यमापन करणाराचेही मूल्यमापन व्हावे लागते, हा धडा या प्रकरणात आहे.

याच्या उलट बाजूचा प्रसंग त्यांच्या चरित्रात फारसा सांगितला जात नाही, वास्तविक तो सर्वांत मोलाचा आहे. जनतेने कृतज्ञतेने उभारलेल्या नाइटिंगेल निधीतून १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. त्याच निधीतून पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष उघडण्यात आला. हेतू निर्मळ होता, शिक्षण चांगले होते, गोरगरीब स्त्रियांची सोय होत होती. परंतु बाळंतज्वराने मृत्यू होऊ लागले. नोंदी तपासल्या तेव्हा कक्षातील मातांचा मृत्युदर हजारी तीसहून अधिक निघाला. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांत हेच प्रमाण हजारी पाचच्या सुमारास होते. १८६७ मध्ये तो कक्ष बंद झाला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आकडे जमवून १८७१ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःच्या निधीने चाललेल्या कक्षाचे अपयशही घातले. आपल्या नावाने चालणारे सत्कार्य आकड्यांच्या साक्षीवरून बंद करणे आणि ते का बंद केले हे छापून सांगणे, अशी उदाहरणे आजही विरळाच.

शाळेने दिले काय?

त्यांची ही दृष्टी रुग्णालयांपुरती मर्यादित नव्हती. ब्रिटिश वसाहतींतील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा काढल्या जात होत्या आणि त्याचा मोठा गाजावाजा होत होता. बाईंनी वसाहत खात्यामार्फत शाळांकडे प्रश्नावल्या पाठविल्या. किती मुले येतात एवढेच न विचारता किती आजारी पडतात, किती मरतात हेही विचारले. १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत त्यांनी दाखविले की अनेक शाळांच्या नोंदी अपुऱ्या आहेत, आणि जेथे त्या आहेत तेथे मुलांच्या मृत्यूचे प्रमाण इंग्लंडमधील समवयस्क मुलांहून पुष्कळ जास्त आहे. मुलाला अक्षर देताना त्याचा जीव जात असेल तर त्या शिक्षणाला काय म्हणावे, हा प्रश्न त्या आकड्यांतून आपोआप उभा राहिला.

हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत. तथापि १८५९ च्या आयोगासाठी येथील प्रत्येक लष्करी ठाण्याला प्रश्नपत्रके गेली, आणि येथील गोऱ्या फौजेचा मृत्युदर हजारी ६९ असल्याचे उघड झाले. सुधारणांनंतर १८७३ मध्ये तो हजारी १८ वर आल्याचे त्यांनी नोंदविले. पुढे त्यांचे लक्ष फौजेकडून रयतेकडे, दुष्काळ, पाटबंधारे व खेड्यांचे आरोग्य यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला तो याच प्रश्नांवर.

१८९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांच्यापुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित सांख्यिकीचे अध्यासन स्थापण्याची कल्पना मांडली. त्यांच्या प्रश्नांत अग्रभागी शिक्षण होते. १८७० च्या कायद्याने इंग्लंडात प्राथमिक शाळांचे जाळे पसरले, वीस वर्षे पैसा खर्च झाला. पण शाळा सोडल्यावर किती मुले शिकलेले सारे विसरून जातात, आणि शिकलेल्याचा पुढच्या आयुष्यात काय उपयोग होतो, हे कोणी पाहिले आहे काय? शासन कायदे करते, पैसा ओतते आणि परिणाम न पाहताच पुढचा कायदा करते, हे त्यांना सलत होते. गाल्टन यांचा प्रतिसाद थंड होता. योजना बारगळली. १३ ऑगस्ट १९१० रोजी बाई निवर्तल्या तेव्हा ते अध्यासन अस्तित्वात आलेले नव्हते.

त्यांचा प्रश्न मात्र जिवंत राहिला. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांच्या वाचनाची चाचणी घेण्यात येऊ लागली, आणि पाचवीत शिकणाऱ्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येत नाही हे आपल्याला कळले. तोवर पटनोंदणीचे आकडे पाहून आपण समाधान मानीत होतो. आजही कित्येक योजनांचे व सेवाभावी संस्थांचे वार्षिक अहवाल शिबिरे किती घेतली, वह्या किती वाटल्या, लाभार्थी किती, येथेच संपतात. त्रयस्थाने तपासणी करावी असे म्हटले तर तो अविश्वास वाटतो.

परंतु हिशेब मागणे म्हणजे हेतूवर संशय घेणे नव्हे. किंग्ज कॉलेजमधल्या त्या कक्षात ज्या माता गेल्या, त्यांच्या बाबतीत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्यांच्यानंतर येणाऱ्या वाचल्या, त्या कोणीतरी नोंदवही उघडून बेरीज केली म्हणून.